दोन स्लीपिंग बॅगांचं एक अंथरूण

आदल्या वर्षी आम्ही वाळवंटातून रात्रीच परत आलो होतो. यांच्या ऑफिसातली मंडळी हिवाळ्यात बायकापोरांसह कॅम्पिंगला जात. आम्हीही माणशी एक अशा तीन स्लीपिंग बॅगा मागून आणल्या. आमची चार वर्षांची लेक जन्मापासून आम्हा दोघांच्या मध्ये झोपणारी. तिला एकटीला त्या पिशवीत घालून चेन लावल्यावर तिनं असा भोंगा पसरला की सगळे तंबू जागे झाले. शेवटी गाडी काढावी लागली. "कॅम्पिंग खलास," हे गाडी चालवताना म्हणाले.

मला मात्र ते उघडं आभाळ हवंच होतं. मदिनत खलीफा या शहरी वस्तीतल्या आमच्या घरात भिंतींकडे बघून बघून जीव विटायचा. वर्षभर भुणभुण लावून मी यांच्याकडून फक्त एक रात्र कबूल करून घेतली. पोरगी रडली तर पुन्हा नाव काढायचं नाही, ही त्यांची अट.

सूक वाकिफ या जुन्या अरबी बाजारात दुकानदाराला मी सगळ्या बॅगा खाली काढायला लावल्या. यांना पायाकडे निमुळत्या होणाऱ्या, झोकदार बॅगा आवडल्या. "अहो, तुम्ही पाय पोटाशी घेऊन झोपता. यात गुडघे कुठे ठेवणार?" मला चौकोनी, बाजूनं आणि तळानं पूर्ण उघडणाऱ्या हव्या होत्या. एकीची चेन दुसरीला लागते का, ते मी जमिनीवर फतकल मारून बघू लागले. दात काही जुळेनात.

"मॅडम, ये एक आदमी के लिए होता है," दुकानदार समजावू लागला.

"हमारे यहाँ तीन सोते हैं!"

अखेर एकाच कंपनीच्या दोन सापडल्या. चेन सर्रकन शेवटापर्यंत गेली आणि ऐसपैस अंथरूण तयार झालं. मग भर दुकानात मी यांना बूट काढून त्यात आडवं केलं.

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. कूस बदला."

त्यांनी निमूट बदलली. खाली घालायला फोमच्या जाड गाद्याही घेतल्या, कारण थंडी वाळूतून वर येते हे गेल्या खेपेला माझ्या पाठीला कळलं होतं. कानटोप्या मी घरीच विणल्या.

उम्म सलाल मोहम्मद या गावाच्या पुढे, वाळवंटात तंबू पडले. शेजारच्या तंबूतल्या बाई आमचं अंथरूण वाकून बघून गेल्या आणि गालात हसल्या. मला त्यांचा असा राग आला! लेक मध्ये शिरली, एक पाय यांच्या पोटावर टाकला आणि माझी गोष्ट अर्ध्यावर असतानाच झोपली.

सकाळी तंबूत ऊन आलं तरी ती गाढ झोपलेली. मला तर नाचावंसं वाटत होतं. बाहेर सगळे चहाला जमले होते. हे माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "उद्याही सुट्टी आहे. आजची रात्र राहायचं का?"

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला."

आणि ते त्यांना सगळ्यांसमोर, मोठ्यानं, पुन्हा म्हणावं लागलं.