काडी कोणी मोडायची

माझी मोठी बहीण नवरा हयात असताना दुसऱ्या माणसाच्या घरी राहायला गेली. मी हे असं सरळ लिहितो, कारण आमच्याकडे ते सरळ कुणी बोललंच नाही. कुणी म्हणे "ते तिकडं झालं," कुणी म्हणे "तिचं बिनसलं." आमच्या अख्ख्या घराण्यात बी. ए. झालेला मी पहिला. शिकल्याचा एवढा तरी उपयोग असावा की जे झालं ते झालं म्हणून लिहिता यावं.

आमचं घर वाशीमपासून कोसभर अंतरावर. बाईला, म्हणजे माझ्या या बहिणीला, आसेगावच्या अंगाला दिलं होतं. तिचा नवरा वाईट माणूस नव्हता. दारू नव्हती, हात उचलणं नव्हतं. त्याला शेतीचा कंटाळा आणि गिरणीच्या भोंग्याचं वेड. अकोल्याला सुताच्या गिरणीत लागला तो लागलाच. आधी पोळ्याला यायचा, दिवाळीला यायचा, मग दिवाळीलाच, मग दिवाळी आली तरी तो येईना. बायकोला घेऊनही जाईना. बाई जेठाच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, घरी राहायची आणि गडी राबतो तशी राबायची.

शेजारच्या वावरात एक विधुर माणूस होता. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. दोन्ही वावरांना विहीर एकच. पुढं काय झालं ते मला बाईनंच सांगितलं, फार वर्षांनी, शेंगा फोडता फोडता. "तो काई बोले नाई रे," ती म्हणाली. "मी पानी काढाले गेली का दोर धरे. एक रोज म्हने, तुमचे हात किती फुटले जी. मी घरी येऊन हात पाह्यले. खरंच फुटले होते. मले दिसलेच नोयते."

त्यानंतरचं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जेठाला कळलं तेव्हा त्यानं पंच बसवले. आमच्या जातीत सोडचिठ्ठीचा रिवाज साधा होता. पंचांसमोर नवऱ्यानं वाळलेली काडी दोन्ही हातांनी मोडायची आणि बायकोच्या पुढ्यात टाकायची. काडी मोडली की नातं तुटलं. मग बाई पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायला मोकळी. पण नवरा अकोल्यात. त्याला बोलावणार कोण, आणि तो येणार कधी? जेठ उठला आणि म्हणाला, "त्याची वाट कोन पाह्यते? मी वडील हावो. पोरगी मीच मांगितली होती, लगन मीच ठरवलं होतं. मोडतो बी मीच." पंचांनी माना हलवल्या. ज्यानं जोडलं त्यानं तोडलं, यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. माझ्या बापालाही दिसलं नाही. त्याला प्रकरण मिटल्याशी मतलब. जेठानं काडी मोडली, आणि त्याच आठवड्यात बाई त्या माणसाच्या घरी गेली. मोहतूर, म्हणजे पाटाचा विधी, पीक निघाल्यावर करू असं ठरलं.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात. मला कुणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की दुसऱ्याची काडी मोडता येत नाही.

ते सांगायला नवराच आला. गिरणीतून सुटी काढून आला, घरात बायको नाही हे पाहिलं, आणि भावाशी एक शब्द न बोलता वाशीमला जाऊन फौजदारी दाखल केली. विवाहित स्त्रीशी व्यभिचार. कायद्यानं बाईला शिक्षा नव्हती. शिक्षा होती ती त्या माणसाला, आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकत होती. समन्स आलं तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईनं जेवण सोडलं.

मी सुटीत घरी आलो आणि सगळं हातात घेतलं. वकील मीच गाठला. वकील हुशार होता. म्हणाला, "काडी नवऱ्यानं मोडली असती तर रूढीचा मुद्दा तरी मांडता आला असता. ती वाट बंद झाली. पण दुसरी वाट आहे. अशा खटल्यात लग्न लागलं होतं हे फिर्यादीला काटेकोर शाबीत करावं लागतं. लग्न लावणारे भटजी वारलेत. जेठ साक्षीला येणार नाही, त्यानंच काडी मोडली आहे. राहिले तुमच्या घरचे. ते म्हणाले की पावसामुळे मांडव मोडला आणि विधी अर्धवट राहिला, तर खटला पडतो."

मला हे एकदम पटलं. घरी येऊन मी सगळ्यांना समजावून सांगितलं. बाप म्हणाला, "पोट्टा शिकला हाये, तो म्हनते तसं करा." बाई आणि तो माणूस त्या दिवशी आमच्याकडंच आले होते; बाई चुलीपाशी बसली होती. तिनं विचारलं, "म्हनजे मी सांगाचं का मायं लगन झालंच नाई?"

"तेवढंच सांगायचं, बाई. त्यानं हा माणूस सुटतो."

"मंग मी त्याच्या घरी इतके साल कोन होती?"

"कोर्ट ते विचारत नाही."

"कोर्ट नाई विचारत. मी विचारून राह्यली."

माझ्याकडं उत्तर होतं, कायद्यातलं. ते मी दिलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू म्हनतं ते खरं असन, भाऊ. पन मायच्या हातची हळद लागली होती मले. मी नाई म्हनाची नाई." तो माणूस ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. जेलात जायचं ते त्याला. मला वाटलं, हा तरी तिला समजावेल. तो एवढंच म्हणाला, "तिच्या तोंडून खोटं नोका काढू, भाऊ." मला दोघांचाही राग आला. सल्ला बरोबर होता, हे मी आजही म्हणेन.

तारखेच्या दिवशी आम्ही गाडी जुंपून वाशीमला गेलो. कोर्टासमोर कडुनिंब होता. त्याच्या एका अंगाला लोक पुकाऱ्याची वाट पाहत बसायचे, दुसऱ्या अंगाला तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, कुडाचं चहाचं हॉटेल. नवरा झाडाखाली एकटाच बसला होता. गिरणीतला खाकी सदरा, डोळ्यांखाली काळं. मी त्याला फार दिवसांनी पाहत होतो. फिर्यादी असा दिसत नाही, असं मनात आलं. आमच्या माणसानं, म्हणजे आरोपीनं, गाडी लांब सोडली आणि बैलांजवळच उभा राहिला.

मी वकिलाला शोधायला निघालो तेवढ्यात बाई सरळ झाडाखाली गेली. मी मागं धावलो. "बाई, आरोपीच्या बाजूनं फिर्यादीशी बोलायचं नसतं!" तिनं ऐकलं नाही. पदर सावरून ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

तो म्हणाला, "मायी काडी मायाच भावानं मोडली. मेल्या मानसाचं क्रियाकर्म करते ना, तसं. मी जिता होतो ना व?"

"हो जी. जिते होते. मले मालूम होतं."

"मंग थांबली काहून नाई?"

"थांबली होती. लई थांबली. तुमाले मालूम हाये."

त्यानं मान खाली घातली. "मले बलावलं काहून नाई?"

"बलावलं असतं तर न्याले आले असते?"

मला वाटलं आता तो हो म्हणेल, आणि मग ही काय करेल? पण तो खरं बोलणारा निघाला. "न्याले नाई," तो म्हणाला. "पन मोडाले तरी आलो असतो."

बाईनं डोळ्याला पदर लावला. "तेवढं चुकलं," ती म्हणाली. "ते तुमाले विचारून व्हाले पायजे होतं."

हे एवढंच त्याला ऐकायचं होतं, असं आता वाटतं. तो उठला, हॉटेलच्या कुडापाशी गेला आणि त्यातली एक तुराटी ओढून काढली. आतून हॉटेलवाला ओरडला, "अजी गिरणीवाले, कोर्टात भांडा, मायं हाटेल काहून मोडून राह्यले?"

"एकच काडी घेतली, बावा."

"एकेक करून समदे एकच घेते!"

मी मध्ये पडलो. "भाऊजी, आधी आत चला. आपसात मिटलं असं साहेबांपुढं सांगा. मग काडीबिडी. कायद्यानं तोच क्रम आहे."

"तू शिकला, बरं झालं," तो म्हणाला. "पन आधी काडी. आन पंच कुठी हायेत?"

झाडाखाली एक म्हातारे मुसलमान व्यापारी आपल्या दिवाणी दाव्यासाठी बसले होते. ते म्हणाले, "हम बैठे हैं ना, बेटा. मोड." शेजारचे दोन शेतकरीही सरकून जवळ आले. हॉटेलवाला कपबशी हातात घेऊन बाहेर आला, आणि त्याचं ओरडणं थांबलं.

त्यानं तुराटी दोन्ही हातांत धरली. मोडायची आणि पुढ्यात टाकायची, असा रिवाज. पण तो नुसता धरून उभा राहिला. मग त्यानं तिचं एक टोक बाईकडं केलं. हे रिवाजात नव्हतं. बाईनं वर पाहिलं, उठली, आणि ते टोक धरलं. दोघांनी मिळून ती वाकवली. तुराटी कडकडून मोडली.

"झालं," म्हातारे म्हणाले. "अल्ला दोनों को सलामत रक्खे."

पुढचं काम माझं होतं. मी वकिलाला आणलं, पुकारा झाला, फिर्यादीनं साहेबांसमोर सांगितलं की माझी तक्रार नाही, आपसात मिटलं. साहेबांनी चष्म्यावरून सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि आरोपीला मोकळं केलं. वकील माझ्या कानाशी म्हणाला, "माझी वाट जास्त पक्की होती." मी म्हणालो, "मलाही तसंच वाटतं."

नवरा गाडीच्या वेळेआधीच स्टेशनकडं निघाला. जाताना आमच्या माणसाच्या अंगावरून गेला. जाता जाता त्यानं बैलाच्या पाठीवर हात फिरवला. कोपऱ्यावरून वळला तरी बाई तिकडंच पाहत होती.

परतीच्या वाटेवर ती रडायला लागली. आधी मुसमुसत, मग हमसून. मी पार गोंधळून गेलो. "आता कायले रडतं, बाई?" शहरी भाषा माझ्या तोंडातून गळून पडली होती. "सुटला ना हा! जेल टळला, तू पाटाले मोकळी झाली. रडाचं काय हाये?"

गाडी हाकणारा तो माणूस समोर पाहत म्हणाला, "रडू द्या तिले, भाऊ. तिच्या घरचं मानूस गेलं."

मग त्यानं कासरा माझ्या हातात दिला आणि चालत्या गाडीवरून खाली उतरला. तिला मोकळेपणानं रडता यावं म्हणून असेल, किंवा त्याला स्वतःलाच समोर बसवत नसेल. आमच्या घरापर्यंत तो बैलांच्या बाजूनं पायीच चालत आला.