बहरामचं पुस्तक आणि माझी बांधणी

बहराम रागावला की बोलायचा नाही, पेन्सिल काढायचा. समोरच्याला नीट न्याहाळून म्हणायचा, "थांबा, आपल्याला चित्रात घेतो." मी कॉलेजात होतो तेव्हा डेक्कनवरच्या आमच्या घराच्या गच्चीतल्या खोलीत तो चार वर्षं राहिला. इराणात क्रांती झाली तेव्हा तो शाळेत होता, युद्ध सुरू झालं तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. घरच्यांनी शिकायला म्हणून पुण्याला धाडला. परत गेला असता तर थेट आघाडीवर. मराठी तो माझ्या आईकडून शिकला, त्यामुळे गच्चीवरच्या मांजरालाही "अहो, आपण सरकता का?" असं विचारायचा.

नळाचं पाणी गेलं म्हणून आई करवादली की तो शांतपणे म्हणे, "काकू, पाणीच गेलंय ना? घर जागेवर आहे."

ही चारही वर्षं तो आपलं लहानपण चित्रांतून पुस्तकात उतरवत होता. एका पानावर एक चित्र, शब्द जवळजवळ नाहीत. सुरुवातीला घरचे सगळे जेवायला बसलेले. मग मोर्चे, काकांना तुरुंगात नेणं, बॉम्बनं पडलेलं घर, शेवटी विमान. विमानतळावर बॅग उचकटणाऱ्या बाईचा चेहरा त्याला आठवेना, म्हणून त्यानं माझ्या आईचा लावला.

"मी एवढी खाष्ट दिसते?" आईनं विचारलं.

"नाही काकू. ती बाई जरा मवाळ होती."

दोन दिवस त्याच्या चहात साखर पडली नाही.

पुस्तक त्याच्या आईसाठी होतं. ती आता तुर्कस्तानात बहिणीकडे राहत होती. आपण काहीच विसरलेलो नाही, एवढं तिला कळायला हवं होतं. ओळखीचे एक गृहस्थ तिकडे निघाले, पण सुटी पानं न्यायला तयार होईनात. मी लगेच पुढे सरसावलो. शाळेत पुस्तकबांधणीत मला बक्षीस मिळालं होतं, आयुष्यातलं एकमेव. अख्खी सकाळ खपून मी पानं शिवली, खळ लावली, कापडी पाठ चढवली.

बहरामनं पुस्तक हातात घेतलं आणि त्याच्या सवयीनं उघडलं. समोर विमान! फारसी पुस्तकाचा कणा उजवीकडे असतो. आपण ज्याला शेवट म्हणतो, तिथून ते सुरू होतं. मी कणा डावीकडे शिवला होता, अस्सल मराठी. त्याची आई ते शेवटाकडून वाचणार होती.

"उसवू?" मी विचारलं.

दारात त्या गृहस्थांची रिक्षा उभी होती. बहरामनं पुस्तक तसंच त्यांच्या हाती दिलं आणि पायरीवर बसून राहिला.

"चित्रात घे रे मला," मी म्हणालो. त्यानं पेन्सिल काढली नाही.

दीड महिन्यानं पत्र आलं. आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं ते मराठीत करत वाचलं: "बाळा, तू विमानातून उतरून घरी आलास. पडलेलं घर उभं राहिलं. काका सुटले. मग आपण सगळे जेवायला बसलो. तिथे मी पुस्तक मिटलं. आणणारे गृहस्थ म्हणाले, ते दुसऱ्या बाजूनं वाचायचं आहे. मी तसं वाचणार नाही."

आईनं गॅस बारीक केला. 

मग बहराम माझ्याकडे वळला. "मला माझ्यासाठी एक प्रत काढायची आहे. बांधायची आपण," तो म्हणाला. "आणि आता हुशारी दाखवू नका. तशीच बांधा."