रोमचा बाप आणि आमचं लाटणं

२००४च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, आमच्या अपार्टमेंटच्या किचनमध्ये, माझ्या लहानपणापासूनच्या मित्राने लाटण्याने माझं कपाळ फोडलं. भांडण इतिहासावरून झालं. हसू नका, याहून फालतू कारणांवरून लोक जीव घेतात.

आम्ही दोघं नागपूरच्या एकाच गल्लीतले. तो इंजिनिअरिंगला, मी इतिहासाला. माझा विषय होता दोनशे वर्षांपूर्वीचे इटलीतले लोकशाहीवादी. फ्रेंच फौजा आल्या, राजे पळाले आणि ही मंडळी क्लबांत जमून भाषणं ठोकू लागली. मुद्दा धान्याच्या भावाचा असो की पाद्र्यांच्या जमिनीचा, कुणीतरी उठून प्राचीन रोम काढायचाच. सगळ्यांचा लाडका एक रोमन बाप होता. हाकललेल्या राजाला परत आणायचा कट त्याच्याच पोरांनी केला, तर त्याने त्यांची मुंडकी उडवायला लावली आणि समोर बसून बघितलं. तसे व्हा, असं वक्ते ओरडायचे आणि लगेच शेजाऱ्याचं मुंडकं मागायचे. मला एकच वकील असा सापडला, जो म्हणाला की रोमची शेतं गुलाम कसत होते, तेव्हा ते कौतुक पुरे, आपले कायदे आपण करू. त्याला धक्के मारून खाली उतरवलं. माझा जीव त्या वकिलावर जडला होता.

त्या संध्याकाळी पोळ्यांची पाळी मित्राची होती. आपल्या थोर राजावरच्या एका पुस्तकावरून पुण्यात जमाव एका संशोधन संस्थेत घुसला होता, कपाटं फोडली होती. मी ती बातमी वाचून दाखवली.

"बरं झालं," तो लाटता लाटता म्हणाला. "ठेचायलाच पाहिजेत साले."

माझी सटकली. "तुम्ही सगळे सारखेच! मेलेल्या माणसाला साक्षीला उभं करायचं, कारण त्याची उलटतपासणी होत नाही. इतिहास काय तुझ्या बापाचा आहे?"

"हो, बापाचाच आहे!" तो किंचाळला आणि लाटणं माझ्या कपाळावर बसलं.

रक्त परातीतल्या कणकेवर सांडलं. मी त्याची गचांडी धरून त्याला शेगडीवर आपटलं, तव्यावर त्याचा हात भाजला. मग आम्ही जमिनीवर लोळत एकमेकांना बुकललं. आई शप्पथ, त्या क्षणी तो मेला असता तरी मला चाललं असतं. भिंतीपलीकडच्या बाईने पोलिसांना फोन केला.

पोलिसाने आम्हाला वेगळं केलं आणि मला विचारलं, कुणी मारलं? मित्र दारातून माझ्याकडे बघत होता. केस झाली की त्याचा व्हिसा जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दार लागलं, स्टूलवरून पडलो, काहीही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "याने. आधी याने मारलं." मी खोटं बोललो नाही, आजही बोलणार नाही. त्याला बेड्या घालून बर्फातून नेलं तेव्हा त्याच्या हातांना पीठ लागलेलं होतं. सेमिस्टर संपायच्या आत तो परत गेला.

तो निघायच्या आदल्या दिवशी काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, फोन आला. शाळेत असताना माझा डबा त्याच करायच्या. आता शिव्या बसणार म्हणून मी तयारीत होतो. खरं ते खरं, मग समोर कुणी का असेना, असं ठणकावून सांगणार होतो. तो रोमन बापसुद्धा जिभेवर आला होता, माझ्याच!

"फार लागलं का रे?" त्यांनी विचारलं.

"चार टाके पडले."

"बुजलं का?"

"हो."



"तू सांगितलं नसतंस, तर चाललं नसतं का रे?"

"काकू, त्याने मारलं हो मला," मी म्हणालो आणि ढसाढसा रडायला लागलो.

"त्याचं त्याला विचारीन मी," काकू म्हणाल्या. "आत्ता तुला विचारतेय."