आठ चित्रांमधला राजाराम

मुलुंडमधल्या निदान दीड हजार नवऱ्यामुलींना चंद्रप्रकाश मेस्त्रीने हळू चालायला लावलं असेल. पाचरस्त्याच्या अलीकडे, चपलांचं दुकान आणि दाताचा दवाखाना यांच्या मधून एक अरुंद जिना वर जातो. त्या जिन्याच्या टोकाला त्याची खोली. दारावर पाटी, ‘व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग’. आत दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि वेतोबाची तसबीर.

मामा नवरीला हाताला धरून मंडपात आणतो, ती दहा-बारा पावलं चंद्रप्रकाश अशी लांबवायचा की घरी बसून बघणाऱ्या आईला वाटावं, पोर अजून आपल्याच उंबऱ्यावर आहे. अंतरपाट खाली यायला खरं तर क्षणभर पुरतो. चंद्रप्रकाशच्या अंतरपाटाला अकरा सेकंद लागत.

“मेस्त्री, तुम्ही वेळच थांबवता की,” लोक म्हणत.

“थांबवत कुठे? चार चित्रं जास्ती घेतो,” तो म्हणे.

आणि खरं तेवढंच होतं. कॅमेरा एका सेकंदात पंचवीस चित्रं काढतो. शंभर काढली आणि ती चार सेकंद पुरवून दाखवली, की माणूस हळू चालतो. पण ती चित्रं आधी काढलेली हवीत. पंगत उठल्यावर डाळीत पाणी वाढवून काही होत नाही, हे चंद्रप्रकाश प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे.

लग्नं ही त्याची भाकरी होती. जीव मात्र वर्षातल्या एकाच शूटिंगमध्ये होता. मुलुंड-नाहूरकडच्या मालवणी मंडळाचे लोक जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये दशावतार करायचे, आणि त्यात राणी व्हायचा राजाराम. राजाराम आणि चंद्रप्रकाश एकाच वाडीतले, एकाच वर्षी मुंबईला आलेले. राजाराम एका छोट्या कारखान्यात लेथवर होता. लोखंडाचा कीस बसून हात राठ झालेले, बोटांना तेलाचा वास. पण चेहऱ्यावर रंग चढला, लुगड्याच्या निऱ्या बसल्या आणि पखवाजावर थाप पडली, की तेच हात असे मऊ व्हायचे की पहिल्या रांगेतल्या बायका आपले हात पदराखाली घ्यायच्या.

त्याच्या कानातल्या मोत्याच्या कुड्या मात्र नाटकातल्या नसत. त्या त्याच्या बायकोच्या, सुगंधाच्या, लग्नातल्या. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रयोगात गिरकी घेताना एक कुडी उडाली. अख्खा हॉल ओणवा होऊन शोधत होता, आणि ती सापडली पेटीवाल्याच्या टोपीत. त्या दिवसापासून राजारामची रीत ठरली. राणीच्या पहिल्या प्रवेशाला दोन गिरक्या. दुसरी संपता संपता तो अर्धी मात्रा थांबायचा, उजवा हात डाव्या कानाशी नेऊन कुडीचं मळसूत्र एकदा आवळायचा आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या सुगंधाकडे बघायचा. आहे गं, तुझी कुडी जागेवर आहे. प्रेक्षकांना वाटे, काय राणीचा नखरा, आणि टाळी पडे. खरी गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. नवरा, बायको आणि कॅमेऱ्यामागचा चंद्रप्रकाश. एकतीस वर्षं हे असं चाललं.

गेल्या वर्षी तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी राहिली. लेक दीप्ती चेंबूरला दिलेली. तिच्या सासरची माणसं पहिल्यांदाच दशावतार बघायला येणार होती. सुगंधाला ते कसंसंच झालं. “विहिणीसमोर लुगडं नेसून नाचणार तुम्ही? साठी उलटली तुमची,” ती म्हणाली. शब्दाला शब्द वाढला आणि ती घरीच राहिली. राजारामने कपाटातली डबी मुकाट्याने उघडली आणि कुड्या घेऊन तो गेला. विहीणबाई प्रयोगावर इतक्या खूश झाल्या की राणीच्या गळ्यात गळा घालून त्यांनी फोटो काढून घेतला. सकाळी कुड्या डबीत परत होत्या. त्यावर दोघं काही बोलले नाहीत. बोलू कधीतरी, असं दोघांनाही वाटलं असणार. होळीच्या आदल्या दिवशी राजाराम लेथपाशी स्टुलावर बसला, तो बसलाच. तिथेच गेला.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी सुगंधा तो अरुंद जिना चढून आली.

“भावजी, तुम्ही सगळं हळू करून दाखवता ना?”

“बसा वयनी. पाणी देतो.”

“पाणी नको. जानेवारीचो प्रयोग आसा ना तुमच्याकडे? माका तेवढाच बघूचा. मी नव्हतंय त्या दिवशी. माझी खुर्ची रिकामी होती. त्यांनी कानाक हात लावलो होतो काय?”

चंद्रप्रकाशने पेला खाली ठेवला.

“तुम्ही तर समोरच होता,” ती म्हणाली.

“होतो. पण लाइटवाल्याने नेमके तेव्हाच नवे लुकलुकणारे दिवे सोडले. चित्र पांढरं पडायला लागलं म्हणून मी कॅमेऱ्याचं बटण फिरवत होतो. माझं लक्ष राजाराममध्ये नव्हतं, वयनी.”

“दीप्तीला विचारलं. ती म्हणते, लावला असेल, दरवर्षी लावतात ना. असेल म्हणजे काय भावजी? असेल माका नको.”

“बुधवारी या,” चंद्रप्रकाश म्हणाला. “बघून ठेवतो.”

ती गेल्यावर तो डिस्क ठेवायच्या कपाटासमोर उभा राहिला, आणि त्याला कळलं, आपण काय करून बसलोय.

त्याच्या धंद्याचा एक नियम होता. लग्नाचं मूळ शूटिंग दोन वेगवेगळ्या डिस्कवर सहा महिने जपायचं. घाटकोपरच्या, बोरिवलीच्या, नावही आठवत नाही अशा लोकांच्या वरातीतला एकेक बँडवाला तिथे सुखरूप होता. मंडळाच्या प्रयोगाला मात्र नियम नव्हता. घरचंच काम. प्रयोग संपला की चंद्रप्रकाश तो दाबून दाबून लहान करायचा, मंडळातल्या सगळ्यांच्या फोनवर जाईल एवढा, आणि कार्ड कोरं करून पुढच्या लग्नाला लावायचा. पुढल्या वर्षी राजाराम आहेच, गिरकी आहेच. ठेवायचं कशाला?

उरली होती ती लहान केलेली प्रत. तो ती उघडून बसला.

लहान करणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कॉम्प्युटर प्रत्येक चित्र पूर्ण ठेवतच नाही. मधूनमधून एखादं पूर्ण ठेवतो, आणि नंतर फक्त काय काय हललं त्याची टिपणं काढतो. पडदा तोच, पेटी तीच, हात तेवढा इथून तिथे गेला. माणूस स्थिर उभा असेल तर टिपणं बरी उतरतात. पण गिरकी असली, त्यात लाल लुगडं आणि वर लुकलुकणारे दिवे, की टिपणं काढणाऱ्याची त्रेधा उडते. मग तो अंदाजे रंगांचे चौकोन भरून मोकळा होतो. शिवाय फाइल हलकी व्हावी म्हणून चंद्रप्रकाशनेच सेकंदाला पंचवीसची बारा चित्रं केली होती.

त्याने एकेक चित्र पुढे सरकवलं. दुसरी गिरकी. राजारामचा उजवा हात कमरेच्या डाव्या बाजूला. बोटं स्वच्छ दिसतात. पुढचं चित्र, लाल चौकोन. त्याच्या पुढचं, लाल आणि पिवळे चौकोन. अशी आठ चित्रं. नवव्यात राणीचा हात डोक्यावर आणि मान पेटीवाल्याकडे. त्या आठ चित्रांत राजारामचा चेहरा नव्हता, कान नव्हता, हातही नव्हता.

आवाज मात्र शाबूत होता. तिथे पखवाज अर्धी मात्रा थांबला होता. चंद्रप्रकाशने धावत जाऊन भाऊंना गाठलं. भाऊ मंडळाचे पखवाजी, वय वर्षं पंच्याहत्तर.

“मी थांबतोच रे,” भाऊ म्हणाले. “तीस वर्षांची खोड ती. तो थांबो न थांबो, माझा हात थांबतो.”

“पण त्याने कानाला हात लावलेला तुम्ही बघितलात?”

“मी पायांकडे बघतो, मेल्या. कान बघत बसलो तर सम तुझा बापूस पकडेल?”

चंद्रप्रकाशकडे एक नवा प्रोग्रॅम होता. दोन चित्रं दिली की मधली चित्रं तो स्वतः तयार करी. त्याने खराब आठ चित्रं काढून टाकली आणि एका बाजूचं कमरेवरचं, दुसऱ्या बाजूचं डोक्यावरचं, अशी दोन चित्रं मशीनला दिली. थोड्या वेळाने पडद्यावर राजाराम हलला. कमरेवरचा हात हळूहळू, पाण्यातून यावा तसा वर आला, डाव्या कानावरून गेला आणि डोक्यावर पोचला. चंद्रप्रकाशच्या अंगावर काटा आला.

मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. राजारामचा शिष्य सिद्धेश तीच गिरकी घ्यायचा, आणि त्याने कानाला कधीच हात लावलेला नव्हता. त्याच्या तालमीच्या व्हिडिओतली तीच आठ चित्रं काढून चंद्रप्रकाशने ती दोन टोकं मशीनला दिली. सिद्धेशचाही हात कानावरून गेला. मशीनला बिचाऱ्याला सरळ रस्ता तेवढा माहीत. आणि कमरेपासून डोक्यापर्यंतच्या सरळ रस्त्यावर कान लागतोच.

दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. खरं सांगावं तर हातात काहीच नव्हतं. आणि मशीनने बनवलेलं होतं, ते तिला हवं होतं तेच. शेवटी त्याने मनाशी ठरवलं, आयुष्यभर लोकांच्या नवऱ्या सुंदर केल्या, एका बाईला एवढं सुख दिलं तर कुणाचं काय जातं?

बुधवारी सुगंधा आली. पदराने चष्मा पुसून खुर्चीवर बसली, तिसऱ्या रांगेत बसायची तशी ताठ. चंद्रप्रकाशने बटण दाबलं. हात वर आला, कानावरून गेला. तिच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला.

“परत लावा.”

त्याने परत लावलं. तिसऱ्यांदा ती पुढे झुकली. चौथ्यांदा तिने डोळे बारीक केले.

“हात थांबलो नाय,” ती म्हणाली.

“काय?”

“ते थांबायचे, भावजी. मळसूत्र आवळायचे. दोन बोटांनी, असं.” तिने हवेत दोन बोटं फिरवली. “ह्यो हात नुसतो गेलो. कुडीकडे बघितलानच नाय.” तिने बोटं मिटली. “रागावले होते तर. शेवटपर्यंत.”

चंद्रप्रकाशने व्हिडिओ थांबवला. सुख द्यायला गेला होता, आणि तिच्या हातात हा निवाडा पडला होता.

“वयनी, हा हात राजारामचा नाही,” तो घाईघाईने म्हणाला. “मशीनने केलाय. मधली चित्रं खराब होती, मी काढून टाकली आणि मशीनकडून भरून घेतली. मशीनला थांबणं माहीत नाही. तो खरंच थांबला असेल.”

“आता समजूत घालू नका माझी.”

“समजूत नाही. शपथ घेतो.”

“मघाशी दाखवलात तेव्हा का नाही सांगितलंत? तेव्हा हात त्यांचा होता, आणि मी ओळखला तर मशीनचा झाला?”

चंद्रप्रकाशने ती आठ खराब चित्रं काढून पडद्यावर लावली, एकामागून एक, अगदी सावकाश. सुगंधा बघत राहिली.

“ह्यात ते खंय आसत?”

“ह्या लाल रंगात.”

तिने काचेवर बोट ठेवलं, कान असावा अशा जागी. चौकोन थंड होते.

“आणि चांगलं होतं ते?”

“पुसलं,” तो म्हणाला. “मीच. आठ दिवसांत. पुढल्या वर्षी परत काढायचंच आहे म्हणून.”

त्याला वाटलं, आता ही शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बोट तसंच काचेवर ठेवून बसली होती.

“मी पण त्यांना तेच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “निघताना दारात उभे होते. येतंस काय, म्हणून विचारल्यानी. म्हटलंय, यंदा नाय. पुढल्या वर्षाक येतलंय.”

जाताना तिने काहीच मागितलं नाही. चंद्रप्रकाशने जिन्यावरचा दिवा लावला, तर ती म्हणाली, “दिसता माका,” आणि कठड्याला धरून सावकाश उतरत गेली.

जानेवारीत मंडळाचा प्रयोग झाला. राणी सिद्धेशने केली. प्रयोगाच्या आधी सुगंधा रंगपटात गेली, डबी उघडून कुड्या तिने आपल्या हातांनी त्याच्या कानांत घातल्या आणि मळसूत्रं आवळली. मग तिसऱ्या रांगेत, दीप्तीच्या शेजारी येऊन बसली. चंद्रप्रकाशने कोरं कार्ड घातलं होतं, आणि कॅमेरा सेकंदाला शंभर चित्रांवर ठेवला होता.

प्रवेश झाला. पहिली गिरकी सुरेख. दुसरीही. ती संपता संपता भाऊंचा पखवाज खोडीप्रमाणे अर्धी मात्रा थांबला. त्या रिकाम्या जागेचं काय करायचं ते सिद्धेशला ठाऊक नव्हतं, तो तसाच पुढे निघून गेला.

चंद्रप्रकाश या खेपेला कॅमेऱ्यात बघत नव्हता. तो तिसऱ्या रांगेकडे बघत होता. सुगंधाचा उजवा हात तिच्या डाव्या कानाशी गेला होता. दोन बोटं मोकळ्या पाळीवर काहीतरी आवळत होती.

हे कुठल्याच कार्डावर नाही.