चंद्रकळेचा बुरखा

ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास आला की आईची चंद्रकळा आठवते, तिचं संक्रांतीचं एकुलतं काळं लुगडं. सोलापुरात तेव्हा तंबूत मूकपट लागायचे. त्यातला काळ्या बुरख्याचा घोडेस्वार माझा देव होता, कारण तो गरिबांना सोडवून नावही न सांगता निघून जायचा. मी अतिशहाणी, बुरख्यासाठी चंद्रकळेचा पदरच कापला. संक्रांतीला आईनं घडी उलगडली नि एवढंच म्हणाली, "लई शूर हायेस की." हळदीकुंकवाला ती जुनं हिरवं लुगडं नेसून गेली. बायकांनी विचारलं तर म्हणाली, "उंदरानं कुरतडली, बाई." घोडेस्वार शेजारीच तिळगूळ चघळत गप्प. खरं सांगायचं धाडस मला पुढंही झालं नाही. आता आई नाही, त्या बायकाही नाहीत. उंदीर तेवढा बदनाम राहिला.