शेवटच्या थांब्यावरची हुल्डा

मिनियापोलिसबाहेरच्या मक्याच्या शेतात ट्रामचे रूळ आले आणि त्यांच्या मागोमाग आम्ही स्वीडिश माणसं आलो. प्लॉटवाल्यांनी बँड लावला, फुकट सरबत पाजलं आणि बघता बघता सगळ्यांना घरमालक करून टाकलं. हुल्डा एकब्लाडनं घर घेतलं ते अगदी शेवटच्या थांब्यासमोर. तिचा नवरा निल्स, त्याचा एक पाय लाकूड कापायच्या गिरणीत गेलेला. शहरातल्या शिंप्याकडे तो कामाला जाऊ शकायचा, कारण ट्राम दारात होती.

१९०८च्या मे महिन्यात ट्राम कंपनीचे साहेब वही घेऊन आले. तीन सकाळी शेवटच्या थांब्यावर चढणारे मोजायचे, कमी भरले तर शेवटचा अर्धा मैल बंद. पहिल्या दिवशी चढला एकटा निल्स. दुसऱ्या दिवशीही तोच. बाकी सगळे अर्धा मैल चालत अलीकडच्या थांब्यावर जायचे, तिथून भाडं निम्मं पडायचं. पण कबूल कोण करतंय!

"सकाळची हवा चांगली असते, हुल्डाबाई," शेजारचा सुतार तुरे सँडेल म्हणाला.

"जानेवारीच्या बर्फातही हवाच खायला जाता वाटतं?"

घरी निल्स म्हणाला, "विकावं लागणार गं घर."

"गप बसा हो. विकायला नाही घेतलेलं मी."

त्याच संध्याकाळी चर्चच्या बायकांची कॉफी होती. वेलचीच्या पावाचं ताट फिरवता फिरवता हुल्डा म्हणाली, "साहेब विचारत होते, ही माणसं चालत का जातात म्हणून. मी सांगितलं, बिचाऱ्यांना परवडत नाही. लिहून घेतलं त्यांनी." त्यानंतर पावाला कुणी हात लावला नाही.

तिसऱ्या सकाळी अख्खी वस्ती रविवारच्या टोप्या घालून थांब्यावर हजर. तुरे तर बायकोसकट आला, वर मेहुणीलाही घेऊन, जिचं शहरात काडीचं काम नव्हतं. ट्राम आली, खचाखच भरली आणि घंटा वाजवत गेली.

साहेबांनी वही मिटली. "रूळ राहतील, बाई."

हुल्डा आनंदानं वळली, तर थांब्यावर निल्स कुबडीवर रेलून उभा.

"अहो, राहिलात तुम्ही?"

"जागाच नव्हती," निल्स म्हणाला आणि हसू लागला. इतकं मोकळं तो पाय गेल्यापासून हसला नव्हता. हुल्डाला रडू आवरेना, भर रस्त्यात ती हुंदके देऊन रडली. मग एप्रनला नाक पुसून म्हणाली, "उद्यापासून दहा मिनिटं आधी उठायचं."