शांतवनची गाठ

शांतवन परांची बांधायचा. मी गवंडी. त्याच्या बांबूंवर उभं राहून मी म्हैसुरातल्या किती भिंतींना गिलावा केला, सांगता येणार नाही. काथ्याची दोरी तो आधी भिजवून घ्यायचा, कारण वाळली की ती आवळते. गाठ मारली की स्वतः तिथं लोंबकळून बघायचा, मगच मला वर सोडायचा. मी घाई केली तर म्हणायचा, "सुम्ने, गप्प बस, रंगू. तुझी बायको माझ्या नावानं रडायला नको." दसऱ्याला बन्नीमंटपाच्या मैदानात लोकांना बसायला बांबूचे मजले उभे राहत, तिथंही तोच. त्याची गाठ सुटलेली मी कधी पाहिली नाही.

तो ख्रिस्ती, मी विठ्ठलाचा. घरी दोघंही मराठी, कामावर कन्नड. दुपारी पुष्कळदा त्याच्याकडेच जेवायचो. त्याच्या बायकोचा, सरोजिनीवहिनींचा, एक नियम होता. ताटाला हात लावण्याआधी देवाचे उपकार मानायचे, आणि ते मोघम चालत नसत. एक गोष्ट नाव घेऊन सांगायची. काल सांगितलेली आज नाही.

शांतवनला भूक असली की तो "प्रभू, सगळ्याबद्दल..." असं सुरू करायचा. वहिनींची पळी तिथंच थांबायची.

"सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दल? दिवसभरात काही बघितलंत की नाही?"

तो डोकं खाजवायचा. "रंगूची थापी आज माझ्या डोक्यात पडली नाही."

"हे चालेल."

मलाही सोडत नसत. "भावजी, तुम्ही तुमच्या विठ्ठलाला सांगा. पण शिळं नको."

उपकार मानायलाही मेहनत लागते, हे मी त्या घरात शिकलो. देवळात मी नुसते हात जोडत आलो होतो.

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर वहिनींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, घास गिळणं गेलं. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. तिच्यातून रागीची, म्हणजे नाचणीची, पातळ पेज सोडायची. त्यांना मूलबाळ नाही. सगळं शांतवनच करायचा. मी दुपारी घरचा डबा घेऊन जायचो.

वहिनींची पेज झाली की तो ताट घेऊन त्यांच्या पलंगाशेजारी बसायचा आणि डोळे मिटायचा. "प्रभू, हिचा डावा हात चालतो, त्याचे उपकार." रोज हेच. शिळं आहे, हे मला कळायचं. त्यालाही कळत होतं. म्हणून झालं की तो एक डोळा उघडून वहिनींकडे बघायचा. त्यांनी अडवावं म्हणून वाट बघायचा. मग जेवायचा.

त्या डाव्या हातानंच वहिनींनी नळी ओढून काढली.

सिंचना नावाची नर्स घरी येत असे. तिनं नळी परत घातली. घालताना शांतवननं वहिनींचं डोकं धरून ठेवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हाताला कापडी पिशवी घातली, ती त्यांनी पलंगाच्या कडेला घासून काढली.

सिंचना म्हणाली, "अज्जा, नळी अर्धवट निघाली आणि पेज छातीत गेली, तर मला काही करता येणार नाही. हात बांधून ठेवा."

"दुसरं काही?"

"दिवसरात्र हात धरून बसणार असाल तर बसा."

तो तसाही बसला. पण माणसाला झोप येतेच.

मग त्यानं वहिनींच्या जुन्या सुती साडीची पट्टी फाडली आणि त्यांचं मनगट पलंगाला बांधलं. मी समोर होतो. एकच वेढा, वर सैल गाठ. ओढून बघितली नाही.

सकाळी नळी उशीवर पडली होती.

"हे कुणी बांधलं?" सिंचनानं विचारलं.

"मी."

"आयुष्यभर बांबूही असेच बांधलेत काय?"

या वेळी नळी घालताना वहिनींच्या नाकातून थोडं रक्त आलं. सिंचना गेल्यावर त्यानं पट्टी माझ्या हातात दिली.

"रंगू, तू बांध."

"मला कुठं येतं?"

"माझ्या गाठींवर उभा राहून म्हातारा झालास. येतं तुला."

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि सांगत गेला. मनगटाला दोन वेढे. आत दोन बोटं जातील एवढी जागा ठेव. दुसरं टोक पलंगाच्या दांड्याखालून घे, वेढ्यातून काढ, आवळ. "आता ओढून बघ. जोर लावून." मी जोर लावून ओढलं. वहिनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

त्यानं पेज दिली. मग आपलं ताट घेऊन बसला. माझ्या बायकोनं सारू-भात दिला होता. त्यानं डोळे मिटले. डाव्या हाताचं आता म्हणता येत नव्हतं. भात वाळायला लागला.

"साकु आता, पुरे झालं," मी म्हणालो. "जेव."

"थांब. सापडत नाहीये."

मी थांबलो. मग तो बोलला, "प्रभू, ती गाठ मला मारावी लागली नाही, त्याचे उपकार."

एक डोळा उघडून त्यानं वहिनींकडे बघितलं. हे शिळं नव्हतं. वहिनींचा हात हलत होता. पट्टी ताणली जात होती, सैल पडत होती, परत ताणली जात होती. गाठ पक्की बसली होती.

शांतवननं ताट पुढं ओढलं नाही.